ब्युइकला लागणारा फिल्टर

दुपारचे पावणेचार झाले की लव्हर्न कोट शोधायला लागायची. कपाटात, पलंगाखाली, एकदा तर ओव्हनमध्ये. कोट अंगात असला तरी शोधायची. मग दाराची मूठ गरागरा फिरवत नवऱ्याला म्हणायची, "साहेब, मला सोडा. पोरगी शाळेतून येईल, घरात कुणी नाही."

पोरगी म्हणजे डीना. ती आता एकोणपन्नासची होती, दोन तासांवर ग्रँड रॅपिड्सला राहत होती आणि तिचीच पोरगी कॉलेजात होती. ऑर्विल टॅकेटनं पहिल्या वर्षी हे सगळं बायकोला समजावून सांगितलं. ती ऐकून रडायची आणि दहा मिनिटांनी पुन्हा दाराशी जायची. दुसऱ्या वर्षी ती मारायला लागली. आवाज तिनं आयुष्यभर चढवला होता, पण हात कधी उगारला नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी ती शांत झाली आणि बाथरूममध्ये पडली. भुवईवर पाच टाके पडले. ऑर्विलनं उरलेल्या गोळ्या संडासात टाकून पाणी सोडलं.

उपाय सापडला तो जूनमध्ये, तोही चुकून. गॅरेजातली ब्युइक त्यानं धुवायला बाहेर काढली होती. सत्तर सालची, जीएस मॉडेलची, दोन दारांची, गडद निळी, पुढं चारशे पंचावन्न घनइंचांचं दांडगं इंजिन. लग्नाच्या आदल्या वर्षी त्यानं ती एका सैन्यातून आलेल्या पोराकडून घेतली होती. त्या दिवशी लव्हर्न घरातून तरातरा आली, दार उघडून पुढच्या सीटवर बसली आणि दार ओढून घेतलं. ऑर्विलनं हातातला ओला फडका तिथंच टाकला आणि गाडी सुरू केली. शहर सुटून फ्लशिंगच्या पुढं दोन्ही बाजूंना मका लागला तोवर तिचे खांदे सैल झाले होते. तिचा हात सीटच्या शिवणीवरून हळूहळू सरकत होता, कुठं टाका सुटलाय का बघत. अठ्ठावीस वर्षं तिनं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली होती. बाकी सगळं पुसलं गेलं तरी बोटांना ते येत होतं. परतताना तिनं अख्खा हॉटडॉग खाल्ला आणि मान टाकून झोपली.

तेव्हापासून रोज चार वाजता ब्युइक. जून, जुलै, ऑगस्ट. पिकअपमध्ये ती बसत नसे. "हा कुणाचा ट्रक? मी नाही बसायची परक्याच्या ट्रकात." पण ब्युइकमध्ये बसायला तिला सांगावं लागत नव्हतं. त्या तीन महिन्यांत तिचं वजन दोन किलो वाढलं आणि ऑर्विलला रात्रीची सलग पाच तास झोप मिळायला लागली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला यापेक्षा जास्त काही लागत नाही, असं त्याला वाटायला लागलं होतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं इंजिनाचं तेल बदललं. तीस वर्षं तो एकाच नंबरचा फिल्टर वापरत आला होता. दुकानात सांगितलं, तो नंबर आता येत नाही, त्याऐवजी हा येतो. त्यानं घेतला. रबरी कड्यावरून तेलाचं बोट फिरवलं, हातानं आवळला, पाऊण फेरा जास्त दिला. त्या दिवशी सगळं ठीक चाललं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता लव्हर्न शेजारी बसली असताना त्यानं किल्ली फिरवली, आणि पत्र्याच्या बादलीत मूठभर नट टाकून कुणीतरी ती गदगदा हलवावी तसा खडखडाट उठला. डॅशखाली त्यानं स्वतः बसवलेल्या तेलाच्या दाबाच्या मीटरचा काटा शून्यावर पडून होता. एक, दोन, तीन... आठ मोजल्यावर काटा उठला आणि आवाज थांबला.

काय झालंय ते त्याला लगेच कळलं. फिल्टरच्या तोंडाशी आत रबराची पातळ चकती असते. आत आलेलं तेल मागं जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती नीट बसत नसली की गाडी उभी असताना तेल निथळून जातं, आणि सुरू करताना इंजिन आठ-दहा सेकंद कोरडं फिरतं. दुसरा कुणी शेजारी असता तर ऑर्विल एक शिवी हासडून मोकळा झाला असता.

पण लव्हर्न किंचाळत होती. "मशीन बंद करा! बंद करा! तिचा हात आत आहे!"

शिवणकामाच्या कारखान्यात, डीना लहान असताना, शेजारच्या मशीनवरच्या नव्या पोरीचा हात आत गेला होता. लव्हर्न त्याबद्दल सगळ्या संसारात दोनदाच बोलली होती. आता ती दार ढकलून बाहेर पडली, कुंपणाच्या झुडपात जाऊन बसली आणि दोन्ही कानांवर हात दाबून हलायला लागली. तिला तिथून उठवायला ऑर्विलला तास लागला. त्या संध्याकाळी तिनं त्याच्या हाताला चावा घेतला.

मग त्यानं सगळं करून पाहिलं. तीन वाजताच गाडी सुरू करून ठेवावी म्हटलं, तर ती स्वयंपाकघरातून आवाज ऐकून टेबलाखाली शिरली. जेवायला हाक मारली तर जिला ऐकू येत नव्हतं, तिला बंद खिडकीतून तो खडखडाट ऐकू येत होता. त्यानं टीव्हीचा आवाज मोठा केला, नळ सोडून ठेवला. उपयोग झाला नाही. वर प्रत्येक वेळी असं कोरडं फिरून इंजिनातली बेअरिंगं झिजत होती. ती मिळवायला त्याला एकदा दीड वर्ष लागलं होतं.

रविवारी डीनाचा फोन आला.

"बाबा, फेंटनच्या त्या केअर होममधून फोन आला होता. एक बेड रिकामा झालाय. शनिवारपर्यंत कळवायचंय."

"काय कळवायचंय?"

"तुम्हाला माहितीय काय ते."

"ती बरी आहे. नुसती गाडी जरा बिघडलीय."

मग डीना म्हणाली, "बाबा, आईचं सगळं एका गाडीवर चाललंय हे तुमचं तुम्हाला ऐकू येतंय का? मागच्या आठवड्यात तुमचा आवाज कसा होता माहितीय? मला तुम्हा दोघांना पुरायचं नाहीये. मी शनिवारी येतेय. फॉर्म घेऊन येतेय."

म्हणजे सहा दिवस होते. आणि फिल्टर चालतो की नाही हे लावल्या लावल्या कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळतं. ऑर्विलनं बोटांवर हिशेब केला. फार तर पाच फिल्टर लावून बघता येतील.

सोमवारी सकाळी लव्हर्न झोपलेली असताना तो दुकानात गेला. काउंटरवर नाकात चमकी घातलेली एक मुलगी होती. बोलायला गोड होती. तिनं कॉम्प्युटरवर सत्तर साल टाकलं, ब्युइक टाकलं.

"दोन दारं की चार?"

"ऑईल फिल्टर हवाय मला."

"हो काका, पण हे विचारतंय. दोन की चार?"

"दोन."

"एसी आहे?"

"अगं बाई, फिल्टरला एसी कशाला लागतोय?"

"मला काय माहीत काका, एसी टाकल्याशिवाय हे पुढं जात नाही."

तिनं तीन फिल्टर आणून ठेवले. ऑर्विलनं एकेकाच्या तोंडात बोट घालून आतली चकती चाचपली. दोन कडक लागले. तिसरा मऊ होता, पण लांब होता, पुढच्या आडव्या लोखंडाला टेकला असता. "ह्याच्यात सगळ्यात चांगला कुठला?" असं त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज असा काही निघाला की मुलीनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. "काका, तुम्ही बरे आहात ना?" ती म्हणाली.

सोमवारी घेतलेला, त्यातल्या त्यात कमी कडक फिल्टर मंगळवारी खडखडला. मंगळवारी त्यानं दुसऱ्या दुकानातून आणलेला बुधवारी खडखडला. सात मोजेपर्यंत, म्हणजे एकानं कमी. आणि बुधवारी तो आणखी एका दुकानात गेला तेव्हा लव्हर्न जागी होती. बरोबर न्यायला ती पिकअपमध्ये बसेना. त्यानं दाराला बाहेरून कुलूप लावलं. असं तो कधीच करत नसे. पंचवीस मिनिटं लागतील, पंचवीस मिनिटांत काय होतंय, असं स्वतःला सांगत तो सिग्नलमागून सिग्नल कापत गेला. हाती काही लागलं नाही.

परत येताना घराच्या अलीकडच्या चौकात त्याला टपालाची गाडी आडवी उभी दिसली. टपालवाली बाई लव्हर्नचा दंड धरून रस्त्याच्या मधोमध उभी होती. लव्हर्नच्या पायात सपाता होत्या, अंगावर हिवाळ्याचा कोट होता आणि उजव्या हाताला गुंडाळलेला टॉवेल लाल झाला होता. तिनं मागच्या खिडकीची काच फोडली होती.

"ह्या तुमच्या का?" टपालवालीनं विचारलं.

"माझ्या."

"कुलूप लावून गेला होतात?"

ऑर्विलनं मान डोलावली. ती बाई लव्हर्नचा दंड त्याच्या हातात देऊन गाडीत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यानं लव्हर्नचा हात धुतला, काचेचे दोन कण चिमट्यानं काढले, पट्टी बांधली. मग बाथटबच्या काठावर तसाच बसून राहिला. त्याला वेंडेल रफिनची आठवण आली. खरं म्हणजे आठवण सोमवारपासूनच येत होती आणि तो ती मागं ढकलत होता.

वेंडेल आणि तो ब्युइकच्या कारखान्यात एकाच लाईनवर एकवीस वर्षं इंजिनं जोडत उभे होते. ब्युइकचं इंजिन ज्याला नुसत्या आवाजावरून कळतं असा माणूस शहरात वेंडेल एकटाच उरला होता. त्याची बायको ओडेसा शिवणखात्यात लव्हर्नच्या समोरच्या मशीनवर बसायची. दोघी एकाच डब्यातून जेवायच्या, एकाच दिवशी रजा टाकायच्या. तीन वर्षांपूर्वी ओडेसा गेली. तेव्हा लव्हर्न नुकती विसरायला लागली होती, आणि ऑर्विलनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. अंत्यविधीच्या वेळी चर्चमध्ये सगळ्यांसमोर ही काय बोलेल, काय करेल, ह्या धास्तीनं तो तिला घेऊन गेलाच नाही. स्वतःही गेला नाही. सांत्वनाचं कार्ड पाठवू म्हणाला आणि ते राहून गेलं. एक महिना झाल्यावर पाठवायची लाज वाटली, आणि वर्षानंतर समोरून वेंडेल दिसला की तो दुकानात शिरायला लागला.

गुरुवारी सकाळी त्यानं लव्हर्नला चालतच नेलं. सोळा चौक होते. ती मधेच थांबायची, परत फिरायची. पोचायला दीड तास लागला.

वेंडेल त्याच्या गॅरेजच्या दारात स्टूल टाकून बसला होता. उंच माणूस आता जरा वाकला होता. त्यानं दोघांना येताना पाहिलं आणि उठला नाही.

"टॅकेट," तो म्हणाला. "रस्ता चुकलास वाटतं."

"नाही. तुझ्याकडंच आलोय."

"तीन वर्षं लागली सोळा चौक यायला?"

"वेंडेल, ऐक..."

"मी ऐकायची वाट बघत होतो बाबा. त्या दिवशी पहिल्या बाकावर दोन जागा धरून ठेवल्या होत्या मी. पाद्री म्हणाला, सुरू करू? मी म्हणालो, थांबा, लव्हर्न यायचीय. अर्धा तास थांबवलं मी सगळ्यांना."

ऑर्विल आपल्या बुटांकडं बघत राहिला. लव्हर्न मात्र वेंडेलकडं टक लावून बघत होती. गेल्या वर्षभरात तिनं कुणाकडं असं पाहिलं नव्हतं. ती एकदम हसली आणि म्हणाली, "अरे वेंडेल! ओडेसा कुठाय?"

ऑर्विलनं डोळे मिटून घेतले.

वेंडेल स्टुलावरून सावकाश उठला. त्यानं तिच्या हाताची पट्टी पाहिली, भुवईवरचा व्रण पाहिला, उन्हात घातलेला जाड कोट पाहिला. मग ऑर्विलकडं पाहिलं, आणि त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरचा राग उतरला.

"दुकानात गेलीय," तो लव्हर्नला म्हणाला. "येईल एवढ्यात. तू बस."

तिनं मान डोलावली आणि त्याच्या स्टुलावर बसली. वेंडेलनं आत जाऊन ओडेसाचा एक जुना एप्रन आणला, शिवण उसवलेला, आणि तिच्या मांडीवर टाकला. तिची बोटं लगेच शिवणीवरून फिरायला लागली.

"कधीपासून?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"चार वर्षं."

"म्हणजे तेव्हासुद्धा."

"तेव्हासुद्धा."

"गाढवा," वेंडेल म्हणाला. "मला सांगायचंस की रे. ओडेसाला शेवटच्या महिन्यात मीसुद्धा ओळखू येत नव्हतो. मला कळलं नसतं का?"

ऑर्विल रडला. त्यानं ते लपवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. वेंडेल दुसरीकडं बघत खिशातून फडका काढून हात पुसत राहिला. हात आधीच स्वच्छ होते. मग म्हणाला, "काय झालंय गाडीला?"

ऑर्विलनं सगळं सांगितलं. आठ मोजेपर्यंत काटा कसा पडून राहतो, लव्हर्न काय ओरडते, शनिवारी डीना काय घेऊन येणार आहे. ऐकून झाल्यावर वेंडेलनं भिंतीवरचं एक लोखंडी कपाट उघडलं. आत जुन्या खोक्यांतले फिल्टर ओळीनं लावलेले होते.

"हे बघ. त्या काळातलेच, अजून खोकंसुद्धा फाडलेलं नाही. लोक हात जोडून मागतात, मी देत नाही."

"ह्यातला दे मग एक."

"थांब. तसाच द्यायचा नाही." त्यानं सहा जुने फिल्टर काढले आणि त्याच्याकडचे नवे दोन. एकेकात मधल्या भोकातून तेल भरलं, ते भोक रबरी बुचानं घट्ट बंद केलं आणि आठही फिल्टर तोंड खाली करून जाळीवर मांडले. जाळीखाली पांढरा कागद पसरला. "चकती धरत असेल तर कडेच्या बारक्या भोकांतून थेंब पडणार नाही. उद्या सकाळी कागद बघायचा. कोरडा राहील तो आपला."

"नाही राहिला एकही कोरडा, तर?"

"तर दुसरे भरू."

"दुसरे भरायला दिवस कुठाय, वेंडेल?"

वेंडेलनं दोघांना आपल्या गाडीतून घरी सोडलं, आणि लव्हर्न तक्रार न करता बसली. चार वाजता मात्र ती पुन्हा कोट शोधायला लागली, आणि ती संध्याकाळ आधीच्यांपेक्षा वाईट गेली. ऑर्विलनं तिला मागून धरून ठेवलं आणि दोघंही जमिनीवर बसून राहिले. शेवटी कोण कुणाला धरून बसलंय हेच त्याला कळेना.

शुक्रवारी सकाळी वेंडेलचा फोन आला. "ये. नाही, नको, मीच येतो."

तो आला तो थेट आतच. कागदाची घडी त्यानं स्वयंपाकघराच्या टेबलावर उलगडली. आठ ठिकाणी पेन्सिलीनं आकडे लिहिले होते आणि आठही आकड्यांभोवती तेलाचे डाग पसरले होते.

"माझे सहाही जुने गळाले," वेंडेल म्हणाला. "पन्नास वर्षं खोक्यात बसून रबर वाळलं. इतकी वर्षं मी ह्यांच्यावर नागासारखा बसून होतो, टॅकेट. सगळा कचरा निघाला."

ऑर्विल खुर्चीत बसला. घड्याळात साडेनऊ वाजले होते. त्याला वाटलं, आता फोन उचलावा आणि डीनाला सांगावं की फॉर्म आण. त्यानं खरंच फोन उचलला.

"ठेव तो," वेंडेल म्हणाला. "तळ्यावर जाऊ. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या डोक्यात आलं. बोटी."

"बोटींचं काय?"

"बोटीतली इंजिनं कशीही बसवलेली असतात, तिरकी, आडवी. आणि बोट आठवडाभर नुसती बांधून ठेवलेली असते. तिथं तेल निथळून चालत नाही. बोटीच्या फिल्टरची चकती चांगलीच असावी लागते. आणि आपल्याच जातीची इंजिनं असतात त्यांत. आटे तेच. कड्याचं माप जुळलं की झालं."

"तेल अडलं तर वाट देणारी झडप?"

"ती ब्युइकच्या पंपातच आहे रे. एकवीस वर्षं काय बसवत होतास तू?"

तिघं वेंडेलच्या गाडीतून गेले. बोटींच्या दुकानातला म्हातारा सीझन संपला म्हणून दुकान आवरत होता. वेंडेलनं बरोबर आणलेल्या मापानं रबरी कडं मोजलं, आटे मोजले, लांबी मोजली. आतली चकती नारिंगी होती. ऑर्विलनं बोट लावलं तर कानाच्या पाळीसारखी मऊ. त्यानं चार फिल्टर घेतले. थेंबाची परीक्षा करायला वेळ नव्हता. इंजिनातच परीक्षा होणार होती.

दुपारी दोघा म्हाताऱ्यांनी गाडीखाली शिरून जुना फिल्टर काढला. पंपही उघडला, कारण इतक्या वेळा निथळल्यावर तो तेल ओढायचाच नाही असं वेंडेलचं म्हणणं पडलं. पंपाच्या दात्यांत भरायला व्हॅसलिन हवं होतं. लव्हर्नच्या कपाटात होतं. तिनं ते दिलं, पण डबीचं झाकण दिलं नाही. मुठीत धरून ठेवलं. सगळं बसवून झाल्यावर लव्हर्न बाथरूममध्ये असताना त्यांनी इंजिन एकदा फिरवून बंद केलं. आता शनिवारी चारपर्यंत थांबायचं होतं.

शनिवारी अकरा वाजता डीना आली. तिनं खिडकीला लावलेला पुठ्ठा पाहिला, आईच्या हाताची पट्टी पाहिली आणि हातातलं फॉर्मचं पाकीट टेबलावर ठेवलं. "बाबा, आता बास," एवढंच म्हणाली.

"चारपर्यंत थांब."

"चारला काय होणार आहे?"

"माहीत नाही."

पावणेचारला वेंडेल आला. लव्हर्न कोट अंगात घालून कोट शोधत होती. ऑर्विल एकटा गॅरेजात गेला. किल्लीवर बोटं ठेवून तो थोडा वेळ तसाच बसला. लहानपणी चर्चमध्ये शिकवलेलं काहीतरी म्हणावं असं वाटलं, पण सुरुवातच आठवेना. त्यानं किल्ली फिरवली.

एक. दोन. काटा उठला. इंजिन घशातल्या घशात गुरगुरत चालू लागलं. खडखड नाही, काही नाही.

तो धावतच घरात गेला. लव्हर्न टेबलाखाली होती. आवाज नव्हता तरी तिला गाडी सुरू झाल्याचं कळलं होतं, आणि ती टेबलाच्या पायाला घट्ट मिठी मारून बसली होती. "नाही," ती म्हणत होती, "नाही, नाही."

ऑर्विल दारातच थांबला. सगळं करून झालं होतं, फिल्टर बरोबर लागला होता, आणि तिला आता गाडीचीच भीती बसली होती. डीना भिंतीला टेकून तोंडावर हात धरून उभी होती.

वेंडेल जमिनीवर बसला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, हळूहळू, एकेक सांधा मोडत खाली बसला आणि टेबलाखाली डोकावला.

"लव्हर्न, शिफ्ट सुटली. मशिनी बंद झाल्या. ती पोरगी बरी आहे, दवाखान्यात नेली तिला. चल, तुला घरी सोडतो."

"हात?"

"हात वाचला."

हात वाचला नव्हता. ऑर्विलला माहीत होतं, वेंडेललाही माहीत होतं. लव्हर्ननं टेबलाचा पाय सोडला.

ते चौघं निघाले. वेंडेल आणि डीना मागं, लव्हर्न पुढं. मक्याची कापणी झाली होती. एका वळणानंतर लव्हर्नचा हात शिवणीवरून सरकायला लागला, आणि मागून डीनाचा हुंदका ऐकू आला. परत आल्यावर डीनानं पाकीट उचललं. फाडलं मात्र नाही, पर्समध्ये ठेवलं. "आज आई बसली गाडीत, बाबा," ती म्हणाली. "तिथल्या यादीत तिचं नाव मी ठेवणार आहे. नाताळनंतर पुन्हा बोलू." ऑर्विलनं वाद घातला नाही.

ऑक्टोबर सरला, नोव्हेंबर सरला. बोटीचा फिल्टर एकदाही दगा देऊन गेला नाही. लव्हर्न मात्र कमी होत गेली. आधी हॉटडॉग अर्धा उरायला लागला, मग पाऊण. गाडीत चढताना तिचा पाय उचलून ठेवावा लागायला लागला. एकदा ती कुंपणापर्यंत येऊन थांबली आणि आपण कुठं निघालो होतो हे विसरून तिथंच उभी राहिली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडलं आणि ते वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकणारे ट्रक फिरायला लागले. शहरातल्या अशा सगळ्या जुन्या गाड्या तोवर चादरीखाली गेल्या होत्या. मीठ म्हणजे ह्या गाड्यांचा मृत्यू; खालचा पत्रा दोन हिवाळ्यांत चाळण होतो. ऑर्विलनं पन्नास वर्षांत ब्युइक एकदाही मिठात नेली नव्हती.

"आज पिकअप काढून बघ," वेंडेल म्हणाला. तो आता रोज येत होता.

"ती बसत नाही. चार वाजता तुझ्या गाडीतसुद्धा नाही."

"मीठ गाडी खाईल, टॅकेट."

"खाऊ दे."

वेंडेलनं गॅरेजचं दार वर केलं आणि परत आल्यावर खालून धुवायला पाण्याची नळी काढून ठेवली.

एका सिग्नलला शेजारच्या ट्रकमधल्या माणसानं काच खाली केली. "ओ काका, डोकं ठिकाणावर आहे का? सत्तरची जीएस मिठात काढलीय?"

ऑर्विलनं आपली बोटभर उघडी काच वर केली. लव्हर्नचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, श्वास काचेवर उमटत होता आणि विरत होता. नाताळ तीन आठवड्यांवर होता. डीना येईल तेव्हा तिला काय सांगायचं हे त्याच्याकडं अजून नव्हतं, आणि असणारही नव्हतं हे त्याला कळत होतं. परतायचं वळण आलं. पाऊण टाकी पेट्रोल होतं. त्यानं वळण घेतलं नाही, सरळ पुढं गेला.